शाईची डबी गळत कां नाहीं?

हल्लीं पुष्कळ घरांतून संगणकाशेजारीं शाईचे थेंब उडवून छापणारें एक लहानसें यंत्र असतें. त्यास इंकजेट प्रिंटर म्हणतात. त्यांतील शाईची डबी, म्हणजे बाजारांतील कार्ट्रिज, ही वस्तुतः उपडी ठेविलेली दौतच होय. अनेक यंत्रांत ह्या डबीच्याच तळाशीं शेंकडों छिद्रें असतात. तीं खालीं तोंड करून असतात, आणि छपाई चालू असतां त्यांस ना झांकण असतें ना तोटी. दौत उपडी झाली असतां वह्यांची आणि सदऱ्याची काय अवस्था होते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. मग ही डबी गळत कां नाहीं?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. परीक्षेच्या किंवा प्रकल्प देण्याच्या आदल्या रात्रीं यंत्र कोरे पट्टे उमटवूं लागतें, नाहीं तर कागदावर काळें तळें सांचतें. पालक दुसऱ्या दिवशीं तावातावानें अप्पा बळवंत चौक गांठतात आणि दुकानदारानें खोटा माल दिला असें ठरवून मोकळे होतात. नवी डबी स्वस्त नसते. पुष्कळ वेळां दोष मालाचा नसून हवेचा असतो, आणि तो समजला तर पैसे वांचतात व दुकानदाराशीं भांडणही टळतें.

प्रथम छिद्राचा विचार करूं. त्याचा व्यास एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा धरा. माणसाचा केंस ह्याहून तिपटी-चौपटीनें जाड असतो. इतक्या बारीक तोंडाशीं शाईचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्याप्रमाणें वागतो. पाण्याचा थेंब नळाच्या तोंडाशीं क्षणभर लोंबत राहतो तो ह्याच गुणामुळें. गणित करून पाहिलें तर एवढ्या छिद्रांतील पडदा सुमारें साठ सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब तोलूं शकतो. डबी तर चार-पांच सेंटिमीटर उंचीची! मग चिंता कसली? चिंता ही, कीं छिद्राभोंवतालचा पत्रा शाईनें थोडा जरी ओला झाला, तरी पडदा त्या ओलाव्यावर पसरतो, एका छिद्राची शाई शेजारच्या शाईस मिळते आणि धार लागते. म्हणून शाईस बाहेर ढकलणारा दाब मुळींच असूं नये, उलट तिला किंचित् आंत ओढून धरणारी ओढ असावी, अशी योजना करावी लागते.

ही ओढ मोजून-मापून हवी. सामान्यतः ती कांहीं थोड्या सेंटिमीटरपासून पंधरा-एक सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी ठेवितात. ती कमी पडली तर डबी गळते. फार झाली तर थेंब उडाल्यावर रिकाम्या झालेल्या छिद्रांत नवी शाई वेळेवर येत नाहीं, आणि अखेर बाहेरची हवाच आंत शिरते. हवा शिरलेलें छिद्र मुकें होतें. कागदावर पांढरी रेघ दिसते ती त्याचीच. थेंब उडतो तो मात्र निराळ्या युक्तीनें. १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेंत डाग देण्याची तापलेली सळई शाईनें भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली आणि सुईंतून शाई उडाली. त्यावरून शाई क्षणार्धांत तापवून वाफेच्या बुडबुड्यानें थेंब फेंकण्याची कल्पना सुचली. दुसऱ्या कांहीं यंत्रांत वीज दिली असतां आकार बदलणारा स्फटिक हेंच काम करितो. थेंब कसाही उडो, मागें ओढ ही हवीच.

ती आणावयाची कशी? सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्पंज. समईची वात जशी तेल वर ओढून घेते, तशीं स्पंजाचीं सूक्ष्म भोंकें शाई धरून ठेवितात, आणि डबीच्या माथ्यावरील बारीक वाटेनें वेंचलेल्या शाईच्या जागीं हवा येत राहते. पण ह्या उपायांत एक खोड आहे. स्पंज जसजसा सुकतो तसतशी ओढ वाढत जाते. शेवटची बरीच शाई स्पंज सोडीतच नाहीं, आणि ती तशीच केरांत जाते.

म्हणून एक अधिक चतुर रचना निघाली. डबीचे दोन कप्पे करावयाचे. एकांत स्पंज, दुसऱ्यांत मोकळी शाई. दुसरा कप्पा वरून पूर्ण बंद, फक्त तळाशीं स्पंजाच्या कप्प्याशीं जोडलेला. स्पंजांतील शाई ठराविक पातळीखालीं उतरली कीं हवेचा एक बुडबुडा तळच्या वाटेनें बंद कप्प्यांत जातो आणि तितकीच शाई स्पंजाकडे येते. कोंबड्यांना पाणी पाजण्याचें उपडें भांडें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस ही रीत ओळखीची वाटेल. पाणी संपेल तितकेंच खालीं येतें, थाळी कधीं ओसंडत नाहीं. सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ मारियट ह्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बाटलीचें तत्त्वही हेंच. तिसऱ्या प्रकारांत स्पंजही नसतो. शाई एका लवचिक पिशवींत असते आणि आंतील स्प्रिंग त्या पिशवीस सतत फुगवूं पाहते. औषधाच्या थेंबनळीचें रबर दाबून किंचित् सैल सोडलें असतां जी ओढ लागते, तीच ही.

आतां आमच्या पुण्याचा ह्यांत संबंध कोठें येतो तें पाहूं. १६४८ सालीं पास्कल ह्यानें आपल्या मेहुण्यास पाऱ्याची नळी घेऊन एका डोंगरावर पाठविलें, आणि जसजसें उंच जावें तसतसा हवेचा दाब घटतो हें सिद्ध झालें. मुंबईहून बोरघाट चढून येणारा प्रत्येक प्रवासी नकळत तोच प्रयोग करितो. समुद्रसपाटीस हवेचा दाब सरासरीनें १०१३ हेक्टोपास्कल असतो. पुणें सुमारें ५६० मीटर उंचीवर असल्यामुळें येथें तो सुमारें ९४५ ते ९५० भरतो. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें आणि ज्या इमारतीस लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, तेथील दाबमापक यंत्रें पाहिलेल्यांस हे आंकडे नवे नाहींत. हा फरक पाण्याच्या स्तंभांत मांडला तर जवळजवळ पासष्ट सेंटिमीटर होतो. शाईस धरून ठेवणारी ओढ दहा सेंटिमीटरची, आणि घाटानें केलेला फरक तिच्या सहापट! मुंबईस हवाबंद केलेल्या डबींत दहा घनसेंटिमीटर हवा असेल, तर पुण्यास येईपर्यंत ती सुमारें सात दशांश घनसेंटिमीटरनें फुगूं पाहते. म्हणजे चौदा-एक मोठे थेंब शाई तिला बाहेर लोटावयाची असते. कारखानदार छिद्रांवर चिकटपट्टी लावितात आणि स्पंजांत थोडी जागा कोरडी ठेवितात तें ह्याचसाठीं. अर्धवट वापरलेली डबी काढून खिशांत घालून आणणारास मात्र हें संरक्षण नसतें. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत बंद मोटारींत डबी राहिली तरी तोच प्रकार; पंधरा अंश उष्णता वाढली तर बंद हवेचा दाब पांच टक्क्यांनीं वाढतो, आणि तेवढा फरक घाटाच्या फरकाच्या जवळपास जातो.

फाउंटन पेन वापरणारांस हा अनुभव फार जुना आहे. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉटरमन ह्यानें पेनच्या जिभेस बारीक चिरा पाडून शाई खालीं व हवा वर जाण्याची सोय केली आणि त्याचें पेटंट घेतलें; १९३१ सालीं मुंबईस गिरगांवांत दांडेकर बंधूंनीं शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला, त्यांतूनच कॅम्लिन पुढें आली. पेनांत एक घनसेंटिमीटर हवा असेल तर घाट चढल्यावर एक-दीड थेंब बाहेर पडतो, आणि सदऱ्याच्या खिशास तेवढा पुरतो. म्हणून प्रवासास निघतांना पेन पूर्ण भरावें, म्हणजे आंत हवाच राहत नाहीं, किंवा निदान टोंक वर करून ठेवावें. विमानांतही हाच नियम.

डबी घरीं भरणारांच्या हातून दोन चुका फार होतात. पहिली, पिचकारीनें शाई अगदीं तुडुंब भरणें. स्पंज सर्वस्वी भिजला म्हणजे त्याची ओढ नाहींशी होते आणि डबी गळूं लागते. थोडी जागा रिकामी ठेवणें हें कंजुषपणाचें नव्हे, शहाणपणाचें आहे. दुसरी, माथ्यावरील हवेची वाट बुजविणें, किंवा नव्या डबीवरील चिकटपट्टी काढण्यास विसरणें. अशी डबी पहिलीं कांहीं पानें उत्तम छापते, नंतर फिकट, आणि मग बंद पडते. कारण शाई गेली त्या जागीं हवा येऊं शकली नाहीं. डबी फेंकून देण्यापूर्वीं ती वाट एकदां तपासावी.

अलीकडे मोठ्या टांक्यांचीं यंत्रें आलीं आहेत. त्यांत छिद्रें शाईच्या पातळीपेक्षां, किंवा टांकीस हवा मिळते त्या जागेपेक्षां, जितके सेंटिमीटर उंच, तितक्या सेंटिमीटरची ओढ आपोआप मिळते. कांहीं हौशी लोक बाहेरून जोडलेल्या शाईच्या बाटल्या सोयीसाठीं वरच्या फळीवर ठेवितात, आणि रात्रभरांत टेबल रंगलें म्हणून सकाळीं आश्चर्य करितात! असें यंत्र हलवितांना आडवें किंवा तिरकें करूं नये, तेंही ह्याचमुळें.

पुण्याहून मुंबईस उतरतांना सर्व उलट घडतें. बाहेरचा दाब वाढतो, हवेची वाट बंद असेल तर हवा छिद्रांतूनच आंत घुसते, आणि तेथें गेल्यावर डबी पहिल्या पानावर पांढऱ्या रेघा उमटविते. अशा वेळीं वाट मोकळी करून यंत्राची सफाईची क्रिया एक-दोनदां करावी. ती वारंवार मात्र करूं नये, कारण प्रत्येक सफाईंत कांहीं शाई वायां जाते.