डोंगराआडचा येसेनीक

येसेनीकहून क्रनोवला जाणाऱ्या रेल्वेमार्गाची आखणीच अशी आहे की गाडी मध्येच परदेशात शिरते. दोन्ही गावे चेक प्रजासत्ताकातली, पण त्यांच्यामधले रूळ पोलंडमधून जातात. ग्वुखोवाझी या पोलिश स्थानकात गाडीची दिशा बदलते आणि ती पुन्हा मायदेशी परतते. रूळ टाकले गेले तेव्हा इथे ऑस्ट्रिया आणि प्रशियाची हद्द होती. राज्ये बदलली, पण रूळ जागचे हलले नाहीत, कारण डोंगर फोडून दुसरी वाट काढण्यापेक्षा शेजाऱ्याच्या अंगणातून जाणे केव्हाही स्वस्त.

देशाच्या ईशान्येला पोलंडच्या पोटात घुसलेला हा येसेनीक जिल्हा. क्षेत्रफळ साधारण 719 चौरस किलोमीटर, चोवीस नगरे-गावे आणि लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. चेक जिल्ह्यांमध्ये सर्वांत विरळ वस्तीच्या मोजक्या जिल्ह्यांत त्याची गणना होते. दक्षिणेला ह्रुबी येसेनीकची रांग आडवी उभी आहे. तिचे केपर्नीक शिखर 1423 मीटर उंच. पश्चिमेला रिखलेबी डोंगर. देशाच्या बाकी भागाकडे जायला मुख्य वाटा दोनच. चेर्वेनोहोर्स्के खिंडीतला 1013 मीटर उंचीवरचा वळणावळणांचा घाटरस्ता ही एक, आणि राम्झोवाची खिंड ही दुसरी. राम्झोवातून 1888 पासून रेल्वे जाते. उत्तरेला मात्र सगळे मोकळे. जमीन पोलंडच्या मैदानाकडे उतरत जाते आणि जिल्ह्याचे जवळजवळ सारे पाणीही तिकडेच वाहते. ब्येला नदी निसेला मिळते, निसा ओडरला आणि ओडर बाल्टिक समुद्राला.

मग उतार तिकडे असताना हा तुकडा इकडे कसा राहिला? ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेझाने 1742 मध्ये सायलेशियाचा बहुतेक मुलूख प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या हाती गमावला. डोंगराकडची ही कड तेवढी ऑस्ट्रियाकडे उरली. व्रोत्सवाफच्या बिशपची जहागीर दोन राज्यांत विभागली गेली. यावोर्नीकचा यान्स्की व्रख किल्ला ही तिच्या अलीकडच्या भागातली गढी. संगीतकार डिटर्सडोर्फ इथेच बिशपच्या पदरी होता.

दगड, लाकूड, धातू आणि पाणी, जिल्ह्याची मिळकत या चौघांवर. झुलोवाच्या परिसरात ग्रॅनाइट आहे, सुपीकोवित्सेच्या बाजूला संगमरवर आणि वापेन्नाजवळ चुनखडी. फरसबंदीपासून थडग्याच्या दगडापर्यंत सगळे इथल्या टाक्याखालून गेले. झुलोवात एकोणिसाव्या शतकातच पाथरवटांची शाळा निघाली. पोमेझीची गुहा तर संगमरवर विरघळून तयार झाली आहे. येसेनीक गावात पूर्वी रेगेनहार्ट आणि रायमान या पेढीचे दमास्क कापड विणले जाई. आज चेस्का वेसमध्ये साखळ्यांचा कारखाना आहे. पण थंडी पडली की खाणी, बांधकामे आणि जंगलतोड मंदावते, आणि बेरोजगारांची यादी लांबते. बेकारीच्या देशपातळीवरच्या यादीत येसेनीकचे नाव वरच्या ओळींत असणे ही इथे जुनी गोष्ट आहे.

जगात नाव झाले ते मात्र पाण्याने. येसेनीकच्या वरच्या बाजूला ग्रेफेनबेर्ग नावाच्या वाडीत 1799 मध्ये विन्सेन्झ प्रीसनित्स हा शेतकऱ्याचा मुलगा जन्मला. तरुणपणी गाडी अंगावरून जाऊन त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याने गार पाण्याच्या पट्ट्या बांधून स्वतःला बरे केले, मग गुरांना, मग शेजाऱ्यांना. 1822 मध्ये त्याने तिथेच जलोपचाराचे घर थाटले. शिकलेल्या वैद्यांना हे रुचले नाही. तो वापरत असलेल्या स्पंजात काही मंतरलेले तर नाही ना, याचीही तपासणी झाली. सतराव्या शतकात याच मुलखात बायकांना चेटकिणी ठरवून जाळले होते, हे लक्षात घेता चौकशी स्पंजावर निभावली म्हणायची! पुढे उमराव, सेनापती, लेखक घोडागाड्यांतून ग्रेफेनबेर्ग गाठू लागले. गोगोलही आला होता. आलेल्यांना चादरीत गुंडाळत, थंड झऱ्याखाली उभे करत आणि लाकूड फोडायला लावत. बड्या घरच्या लोकांनी पैसे मोजून लाकडे फोडावीत, ही प्रीसनित्सची खरी कमाल.

त्याच्या खोऱ्यातच योहान श्रोट होता, धंद्याने गाडीवान. घोड्याच्या लाथेने जायबंदी झालेला गुडघा त्याने ओल्या पट्ट्यांनी बरा केला आणि मग स्वतःची पद्धत काढली. ती प्रीसनित्सच्या अगदी उलटी. पाणी जवळजवळ बंद, कोरडे पाव आणि ठरावीक दिवशी वाइन! लिपोवात त्याचे आरोग्यस्थान आजही चालते. एकाकडे पाण्याचा मारा, दुसऱ्याकडे पाण्याचा उपवास, आणि दोघांचाही धंदा चालला. वैद्यकदृष्ट्या दोघांचे दावे जसेच्या तसे टिकणारे नाहीत. पण डोंगरातली हवा, चालणे आणि घरच्या जेवणापासून सुटका यांनी कुणालाही बरे वाटेल.

मराठी वाचकाला यातले काही ओळखीचे वाटेल. प्रीसनित्सने सुरू केलेली जलोपचाराची लाट जर्मनीत पुढे कूने, युस्ट अशांनी चालवली. त्यांची पुस्तके गांधीजींनी वाचली आणि उरुळी कांचनला 1946 मध्ये निसर्गोपचार केंद्र उभे राहिले. कटिस्नानाची परंपरा आपल्याकडे या वाटेनेही आली आहे.

इथली माणसेही सारी जुनी नाहीत. 1945 नंतर जर्मन भाषकांना घालवून देण्यात आले. त्यांच्या रिकाम्या घरांत मोराव्हियातून, स्लोवाकियातून लोक येऊन राहिले. यादवी युद्धातून पळालेले ग्रीकही आले. गावांची नावे बदलली, 1947 मध्ये फ्रीवाल्डोवचे येसेनीक झाले. काही वाड्या पुन्हा वसल्याच नाहीत. जिल्हा म्हणूनही त्याचे आयुष्य तुटक आहे. 1960 मध्ये तो शुम्पेर्कमध्ये विलीन केला, 1996 मध्ये परत वेगळा झाला, आणि 2003 च्या सुरुवातीला देशभरातली जिल्हा कार्यालयेच बंद झाल्याने त्याचे काही कामकाज ओलोमोउत्सच्या प्रांताकडे गेले. म्हणजे पुन्हा डोंगर ओलांडणे आले.

पर्यटकाने रेयवीझला जरूर जावे. सातशे मीटरच्या वर वसलेल्या या वस्तीत नोस्कोवा खाटा नावाचे खानावळीचे घर आहे. तिथल्या खुर्च्यांच्या पाठींवर लाकडात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे चेहरे कोरलेले आहेत. गिऱ्हाईक उठून गेले तरी खुर्चीवर चेहरा तसाच असतो. जवळच्या दलदलीवर लाकडी फळ्यांची पायवाट टाकलेली असून ती शेवाळाने भरलेल्या तळ्याकडे नेते.

ज्या पाण्याने जिल्ह्याचे नाव झाले, त्याच पाण्याने 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्याला झोडपले. काही दिवसांत डोंगरावर पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि ब्येलाने येसेनीकमधले रस्ते, पूल, घरे खाल्ली. खाली पोलंडमध्ये ग्वुखोवाझीचा पूलही गेला. 1997 च्या पुराची आठवण असलेल्यांनाही हा पूर भारी वाटला. अरुंद दरीत नदीकाठी सगळे बांधले, कारण दुसरी सपाट जागाच नव्हती. आता काठ सोडायचे म्हटले तरी प्रश्न तोच, जायचे कुठे?

पूर्वेच्या झ्लाते होरीत वाद आहे तो खाणीचा. सोळाव्या शतकाच्या शेवटी इथे एकेक किलोहून जड सोन्याचे गोळे सापडले होते. तांबे, जस्त आणि सोन्याची खाण 1993 पर्यंत चालली. बंद बोगद्यांच्या दमट, स्वच्छ हवेत सध्या श्वसनाचे विकार असलेल्या मुलांवर उपचार होतात. दियामो या सरकारी खाणकंपनीने तिथे पुन्हा धातूंची चाचपणी सुरू केली आहे. खाण उघडली तर नोकऱ्या येतील. पण आरोग्यस्थान म्हणून ज्या शांत हवेचे पैसे मिळतात, तिच्याशी खाणीच्या मालमोटारी कशा जुळवून घेणार, याचे उत्तर तिथल्या लोकांना मागावे लागणार आहे.