तेवढ्यात तेवढे

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात, ते केवळ खर्चाच्या धास्तीने नव्हे. ज्याने एकदा गवंड्याशी व्यवहार केला आहे त्याला ठाऊक असते की, नकाशाबरहुकूम चाललेल्या कामात ‘गिलावा चालूच आहे, तर तेवढ्यात तेवढी न्हाणीघराची भिंतही पुढे घ्या’ हे वाक्य ज्या दिवशी उच्चारले जाते त्याच दिवशी मूळ अंदाजपत्रक निकालात निघते, आणि त्याची वार्ता उभयतांना लागते ती हिशेबाच्या दिवशी. संगणकाच्या कचेऱ्यांतून या व्याधीला ‘स्कोप वाढला’ असे म्हणतात.

माझ्या परिचयाच्या एका पतसंस्थेने आपली कर्जखाती संगणकावर आणण्याचे काम काही तरुणांकडे सोपवले, तेव्हा करारनाम्यात कामाची व्याप्ती दीड पानात नमूद होती. काम निम्म्यावर आले असता व्यवस्थापकांनी चहा घेता घेता सहज सुचवले की, हप्त्याच्या पावतीवर कर्जदाराखाली जामीनदाराचेही नाव उमटावे. एवढीशी ओळ, तिला नाही म्हणणे असभ्यपणाचे दिसले असते. परंतु जामीनदार बहुधा दोन असतात, त्यांतला एखादा मध्यंतरी बदललेला असतो, जुन्या खात्यांवरची नावे कर्जरोख्यांच्या बासनांत पडलेली असतात, ती हुडकून भरायची कोणी याचा करारात उल्लेख नसतो, पावतीची रुंदी आधीच ठरलेली असते, आणि एकदा तपासून झालेले सारे पुन्हा तपासणे ओघानेच येते. अशा चार सूचना तोंडी स्वीकारल्या गेल्या, आणि मुदत टळल्यावर उभय पक्षांनी एकमेकांस दिरंगाईचा दोष दिला.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. मागणाऱ्याला आपले काम अर्धेअधिक डोळ्यांपुढे आल्याखेरीज आपल्याला नेमके काय हवे ते उमगत नाही, आणि करणाऱ्याला भीड मोडवत नाही. भीड ही भिकेची बहीण असे ज्यांनी म्हणून ठेवले त्यांनी पुष्कळ कंत्राटे पाहिली असावीत, असे मला राहून राहून वाटते.

मोठ्या कामांत हीच गोष्ट मोठ्या आकड्यांनी घडते. सिडनीच्या ऑपेरा हाउससाठी डॅनिश वास्तुशिल्पी यॉर्न उटझन यांची निवड १९५७ साली झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज, पुढे प्रचारात आलेल्या डॉलरच्या हिशेबाने, ७० लाखांचा होता आणि १९६३ साली इमारत पुरी व्हावयाची होती. प्रत्यक्षात ती खुली झाली १९७३ साली, १० कोटी २० लाख डॉलर गिळून. आता या वाढीचे सारे खापर वाढत्या मागण्यांवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण त्या शिंपल्यांसारख्या छतांची भूमिती सोडवण्यातच कित्येक वर्षे गेली, आणि आराखडे पुरे होण्यापूर्वीच पाया घालण्याची घाई केल्यामुळे छताचा भार पेलण्यासाठी खालचे खांब नव्याने उभारावे लागले. तरीही दोन सभागृहांची मूळ मागणी काम सुरू झाल्यावर चारांवर गेली. आणि १९६६ साली उटझन राजीनामा देऊन गेल्यानंतर मोठ्या दालनात ऑपेरा नको, केवळ संगीताच्या मैफली व्हाव्यात, असे ठरले, तेव्हा तेथे बसवलेली रंगमंचाची अवजड यंत्रसामग्री उचलून टाकावी लागली. ज्या ऑपेराचे नाव इमारतीने धारण केले, तो अशा रीतीने धाकट्या दालनात गेला.

या बाबतीत आपण ज्याची यथेच्छ टवाळी करतो त्या सरकारी दप्तराकडे मी थोड्या आदराने पाहतो. बांधकाम खात्यात प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी आणि मगच निविदा, असा क्रम असतो. करारात नसलेले काम निघाले की ते ‘जादा बाब’ म्हणून वेगळे नोंदवून, दरसूचीच्या आधारे त्याचा दर ठरवून, अधिकाऱ्याची सही घ्यावी लागते. आणि खर्च फारच फुगला तर ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मागावी लागते. ही शिस्त पुष्कळदा कामानंतरची मखलाशी होऊन बसते, हे खरे. पण तिच्या मुळाशी असलेला विचार पक्का आहे, कारण ती फेरफारास मज्जाव करीत नाही, त्याला केवळ नाव, किंमत आणि सही मागते. संगणकवाल्यांतही पंधरा-पंधरा दिवसांच्या टप्प्यांनी काम करणारे जाणते लोक हेच निराळ्या रीतीने साधतात: नवे काम पुढच्या टप्प्यात घ्यायचे, आणि ते आत घेताना तितक्याच वजनाचे दुसरे बाहेर ठेवायचे, मात्र कोणते ते मागणाऱ्यानेच सांगायचे.

त्या पतसंस्थेतही अखेर एक वही घातली गेली. तारीख, मागणी, लागणारे दिवस, मोबदला आणि सही, असे तिचे पाच रकाने. आणि पहिली नोंद अर्थातच जामीनदाराच्या नावाची झाली, ‘दहा दिवस, मार्चअखेरच्या कामानंतर’ अशा शेऱ्यासह. व्यवस्थापकांनी ती चष्मा सावरून दोनदा वाचली, सहीसाठी उघडलेल्या पेनाला टोपण घातले आणि कारकुनाला हाक मारून सांगितले, “तूर्त ते नाव पावतीवर हातानेच लिहीत जा.”