पेवावरचा जागल्या

केळापूरला बहिणीच्या घरी दिवाळीच्या दिवसांत मागची खोली कापसाने भरलेली असते. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा होऊन गेलेली, भाव वाढेल या आशेवर माल घरातच ठेवलेला. त्या गंजीला टेकून बसलं की अंगाला खाज सुटते हे मुलांना पक्कं ठाऊक आहे, तरी ती तिथंच बसतात. गेल्या दिवाळीत त्याच खोलीत सतरंजी अंथरून आम्ही चार रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो. भाचा, भाची आणि शेजारची दोन मुलं. चौघंही मला मामाच म्हणतात.

खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो रचला आणि १९७४ साली तो छापून आला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, एक जण उरलेलं सगळं जग चालवतो: पाऊस, पाटील, चोर, राक्षस. पात्राने काय करायचं ते खेळाडू तोंडाने सांगतो, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. जग चालवण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यातलं सर्वांत अवघड काम म्हणजे शब्दाला बांधलेला, थोर मनाचा ड्रॅगन उभा करणं. तो मी कसा घडवला, कुठे चुकलो आणि मुलांनी त्याचं काय केलं, ते इथे मांडतो.

असा ड्रॅगन या खेळात पहिल्यापासून आहे. १९७४ च्या पुस्तकांत ड्रॅगनचे सहा प्रकार होते आणि त्यातला एकटा सोनेरी ड्रॅगन न्यायाच्या बाजूचा होता. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याचं चित्र आहे ते लांबलचक, सर्पासारखं, चिनी वळणाचं. पुढे त्याला पंख फुटले. खेळाच्या नियमांचा एक मोठा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांना खुला झाला, त्यामुळे त्यातला प्रौढ सोनेरी ड्रॅगन उचलून आपल्या गोष्टीत बसवायला कुणाला विचारावं लागत नाही. मी तोच घेतला. त्याचा जीव २५६ गुणांचा. त्याच्या आगीच्या फुंकरीला दहा बाजूंचे बारा फासे टाकायचे, म्हणजे सरासरी ६६. माझ्या मुलांची पात्रं तिसऱ्या पातळीवरची, प्रत्येकाकडे विसा-पंचविसाच्या आसपास गुण. फासा चांगला पडून मार निम्म्यावर आला तरी ३३. म्हणजे एका फुंकरीत चौघंही राख.

हे आकडे पाहिल्यावर मला माझं काम कळलं. ज्या प्राण्याशी लढताच येत नाही, त्याच्याशी मुलांनी काय करायचं? बोलायचं. आणि बोलणं तेव्हाच खेळ होतं, जेव्हा समोरचा कशाने तरी बांधलेला असतो. ताकद ज्याची त्याचीच मर्जी चालायची असेल तर ती भीक झाली. म्हणून आकड्यांचं पान मी मिटलं आणि कोऱ्या पानावर वर लिहिलं: हा कुणाला काय बोलून बसलाय?

इथे मला परदेशी किल्ले आणि सरदार नको होते. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो आणि ते धन ज्याचं त्यालाच घेऊ देतो, हे प्रत्येक गावाला माहीत असतं. नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात. ती सूड घ्यायला निघते, शेतकऱ्याच्या घरच्यांना डसते, मग त्याच्या लेकीपर्यंत पोहोचते, आणि ती लेक नागाची पूजा करत बसलेली पाहून थांबते. नुसती थांबत नाही, मेलेल्यांना उठवण्याची सोयही करते. अपराध आणि भक्ती दोन्हींचा हिशेब ठेवणारा प्राणी आहे तो.

पण मला सगळ्यांत उपयोगी पडला तो कर्कोटक. महाभारताच्या वनपर्वातल्या नलाख्यानातला, म्हणजे नळ-दमयंतीच्या गोष्टीतला. ज्या दमयंतीसाठी हे सारं घडतं ती आपल्या विदर्भाची राजकन्या, म्हणून ही गोष्ट मला घरची वाटते. वणव्यात अडकलेला, नारदाच्या शापाने जागचा हलू न शकणारा कर्कोटक नळाला हाक मारतो. अंगठ्याएवढा होतो. नळ त्याला उचलून आगीबाहेर आणतो. मग नाग म्हणतो, पावलं मोजत चाल. नळ मोजत जातो आणि दहाव्या पावलाला ‘दश’ म्हणतो. दश म्हणजे दहा, आणि दश म्हणजे डस. नाग त्याला डसतो. नळाचं रूप कुरूप होतं, पण ते त्याचं लपण्याचं सोंग असतं. विषाचा दाह नळाला होत नाही, त्याच्या अंगात शिरलेल्या कलीला होतो. मूळ रूप परत मिळावं म्हणून नाग दोन वस्त्रंही देतो आणि ऋतुपर्ण राजाकडे जायला सांगतो. तिथे नळाला फाशांची विद्या मिळते. फाशांवर राज्य हरलेल्या माणसाला फाशांकडेच पाठवणारा नाग! वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बसलेल्या माणसाने याहून चांगला गुरू कुठे शोधायचा?

एक गोष्ट मी जाणूनबुजून टाळली. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूर आहे. नाव आमच्या केळापूरच्या इतकं जवळचं, की मुलं दोन्हींत गोंधळ करतात. तिथे पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी आणायला पायी जातात आणि त्या पाण्याने नागोबाची पूजा होते. आमच्या तालुक्यातूनही माणसं जत्रेला जातात. भाच्याने विचारलं, “मामा, नागोबालेच घेऊ ना गेममंदी?” मी नाही म्हटलं. ज्याच्यापुढे शेजारची माणसं आज हात जोडतात, त्याला जीवगुण लावून फासे टाकायचे नाहीत. कथेतल्या नागाची रीत घ्यावी, कुणाचा देव घेऊ नये. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

तर माझा प्राणी असा झाला. ओसाड गढीखाली एक पेव, त्यात ज्वारीचं बियाणं. पेवावर सोनेरी अंगाचा, पंख मिटलेला नाग. नाव जागल्या. आमच्याकडे रात्री शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाला शेकोटी, काठी आणि एक बोललेला शब्द असतो: मी उठणार नाही. त्यावरून. जागल्याने मरणाऱ्या राणीला शब्द दिलाय. हे बियाणं पेरायला द्यायचं, खायला कुणालाही नाही. उंबऱ्यावर पाणी प्यालेल्यावर हल्ला करायचा नाही. आणि त्याच्यासमोर शब्द देऊन जो मोडेल त्याला तो मारणार नाही, डसेल. डसलेल्याचा चेहरा बदलेल आणि शब्द पुरा होईपर्यंत त्याला घरचं कुणी ओळखणार नाही. हा शेवटचा भाग कर्कोटकाचा.

पहिल्या रात्री हे सगळं बिघडलं. शब्द माझ्या वहीत होते, मुलांना ठाऊक नव्हते. गावात दुष्काळ, पोरं उपाशी. चौघं गढीत आले, धान्य मागितलं, जागल्या नाही म्हणाला. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही. भाची चिडली. “हा तं नुसता नाईच म्हनते. मंग आमी खेळाव कायले?” तिचं बरोबर होतं. कारण दिसल्याशिवाय नकार म्हणजे नुसता अडेलपणा. थोर प्राणी आणि हट्टी प्राणी बाहेरून सारखेच दिसतात, फरक पडतो तो शब्द माहीत झाल्यावर. दुसऱ्या दिवशी मी गढीच्या दारावरच्या दगडात तिन्ही वचनं कोरलेली दाखवली, राणीच्या भाषेत, शब्द न शब्द. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. इथून खेळ बदलला.

आता ती भांडत नव्हती, वाचत होती. शेजारचा मोठा मुलगा म्हणाला, पेरायला म्हणून मागू आणि अर्धं खाऊ. भाच्याने त्याला डसण्याचं वचन दाखवलं. मग त्यांनी उंबऱ्यावर पाणी पिऊन घेतलं, म्हणजे निदान जळायची भीती गेली. मी जागल्याला एक वाक्य जास्त दिलं. तो म्हणाला, तुमच्या गावातली लहान मुलं रडतात ते मला इथपर्यंत ऐकू येतं. हे वाक्य मला फार जपून बोलावं लागलं. शब्दाला बांधलेल्या माणसाला दुःख होत नाही असं मुलांना वाटू नये, ही माझी धडपड होती. दयाही वाटते आणि हातही बांधलेत, हे एकाच आवाजात आणायचं होतं.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीने वही पुढे सरकवली आणि बोट ठेवलं. “मामा, शबद बियान्यावर हाय. त्याच्या शिकारीवर नाई ना?”

मी पुन्हा वाचलं. नव्हता.

“मंग त्याले म्हना, आमच्या वावरातले रोही अन् रानडुकरं मार. गावाले खायाले भेटन, अन् पेरलेलं वाचन बी. बियानं आमी पेरायलेच नेतो.”

टिपेश्वरच्या जंगलाला लागून शेती असलेल्या घरातली ती पोर. रानडुकरांनी एका रात्रीत काय होतं ते तिने पाहिलेलं आहे. हा तोडगा माझ्या वहीत नव्हता. नियमाप्रमाणे मी मन वळवण्याचा फासा मागायला हवा होता, पण मी मागितला नाही. जिने समोरच्याचा शब्द नीट वाचला आणि तो न मोडता वाट काढली, तिच्या वाटेत फासा आणायचा नसतो. जागल्याने पंख उघडले. तीनशे वर्षांत पहिल्यांदा, असं मी म्हणालो, आणि भाच्याने कापसावर थाप मारली तशी धूळ उडाली.

उरलेल्या दोन रात्री पेरणी, जागली आणि एक चोर यांत गेल्या. दिलेला शब्द मोडला म्हणून चोराला जागल्या डसला आणि त्याच्या घरच्यांनी त्याला ओळखलं नाही, तेव्हा शेजारच्या लहानग्याने ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, त्याचा चेहरा परत येईल ना. येईल, शब्द पुरा केला की येईल, असं सांगितल्यावरच तो जेवला.

एवढ्या खेळात २५६ आणि ६६ हे दोन्ही आकडे एकदाही वापरावे लागले नाहीत. हा खेळ मराठीत चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: असा प्राणी करायचा तर आधी त्याचा शब्द लिहा, नेमक्या शब्दांत लिहा, आणि तो खेळाडूंना दिसेल अशा जागी ठेवा. मग तुम्हीसुद्धा त्याला बांधलेले राहा, गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध गेली तरी.

जागल्याचं पान भाचीने उतरवून घेतलंय. खाली चौथं वचन तिने स्वतःचं घातलंय, ते अजून मला वाचू दिलेलं नाही. येत्या दिवाळीला खेळ ती चालवणार आहे.