एकाच कपाटातली दोन पुस्तके

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. सीपीआरसमोरची भाऊसिंगजी रोडवरची जुनी न्यायालयाची इमारत पुन्हा काळ्या कोटांनी भरून गेली. चार दशकांच्या आंदोलनाचे, साखळी उपोषणांचे आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमधल्या असंख्य रात्रींचे ते फळ होते. त्या धामधुमीत माझ्यासारख्या वकिलाला मात्र एक घरगुती काम निघाले. कपाट आवरायचे होते. ते आवरताना दोन पुस्तके शेजारी शेजारी आली: रतनलाल-धीरजलाल यांचे फौजदारी प्रक्रिया संहितेवरचे जाडजूड पुस्तक आणि आसफ अली असगर फैजी यांचे मुस्लिम कायद्यावरचे ‘आउटलाइन्स ऑफ मुहम्मदन लॉ’.

आम्ही कायदा शिकत होतो तेव्हा हे दोन विषय एकमेकांचे तोंडही पाहत नसत. फौजदारी प्रक्रियेच्या तासाला पोलीस, अटक, जामीन, दोषारोप. मुस्लिम कायद्याच्या तासाला मेहर, इद्दत, तलाक आणि वारसांच्या हिश्श्यांची गणिते. पहिल्या तासाला बाक भरलेले, दुसऱ्याला निम्मे रिकामे. वकिली सुरू केल्यावर पहिल्याच वर्षी लक्षात आले की हे दोन विषय एका ठिकाणी कडकडून भेटतात. ते ठिकाण म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाचा व्हरांडा, आणि त्या दोहोंच्या मध्ये पोर कडेवर घेऊन उभी असते ती पोटगी मागणारी बाई.

फैजी हे मुंबई इलाख्याचेच. जन्म १८९९ सालचा, माथेरानचा. तय्यबजी-फैजी या सुलेमानी बोहरा घराण्यांच्या गोतावळ्यातले. केंब्रिजला अरबी-फारसीचा अभ्यास झाला, बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. पण मन रमले ते हस्तलिखितांत. १९३३ साली इस्माइली पंथाच्या मृत्युपत्रविषयक कायद्यावर त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. १९३८ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर कोण होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकर! ज्यांना आमच्या शाहू महाराजांनी १९२० च्या माणगाव परिषदेत जाहीरपणे समाजाचा नेता म्हणून पुढे केले, तेच बाबासाहेब १९३५ ते १९३८ या काळात तिथे प्राचार्य होते. त्यांच्यानंतर आलेल्या फैजींनी १९४७ पर्यंत ते पद सांभाळले.

या पदाबरोबर न्यायशास्त्राचे ‘पेरी प्रोफेसर’ हे आसनही येई. हे पेरी म्हणजे मुंबईच्या जुन्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी. यांनीच १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींना बापाच्या मालमत्तेतला कुराणातला हिस्सा नाकारला होता. कारण काय, तर या जमातींची रूढी हिंदूंसारखी आहे आणि रूढी शाबीत झाली की धर्मग्रंथ मागे पडतो. शरियतचा आधार घेऊन मुली कोर्टात आल्या आणि रूढीने हरल्या. धर्माचा कायदा म्हटला की तो बाईच्या विरोधातच असणार, असे ज्यांना वाटते त्यांनी हा निकाल एकदा वाचावा. त्या पेरींच्या नावाच्या आसनावर मुस्लिम कायद्याचा एक मोठा अभ्यासक नऊ वर्षे बसला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

‘आउटलाइन्स’ १९४९ साली निघाले. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुस्तकात फैजींनी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवली. भारतातल्या कोर्टांत ‘मुहम्मदन लॉ’ म्हणून जे चालते, ते म्हणजे सगळी शरियत नव्हे. इंग्रज न्यायाधीशांनी, भाषांतरकारांनी आणि विधिमंडळाच्या कायद्यांनी त्यातले काही उचलले, काही गाळले आणि वर आपल्याकडची न्यायबुद्धी मिसळली. फौजदारी भाग तर केव्हाच गेला. बंगालात इस्लामी फौजदारी कायदा एकोणिसाव्या शतकात बराच काळ बदलत बदलत टिकून होता. आपल्याकडे मुंबई इलाख्यात मात्र एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेनेच तो प्रश्न मोडीत काढला होता. पुढे भारतीय दंडविधान आणि पुराव्याचा कायदा आल्यावर मुसलमानाला मुसलमान म्हणून लागू होणारा कायदा उरला तो मुख्यतः लग्न, तलाक, वारसा आणि वक्फ यांपुरता. म्हणजे माणसांनी घडवलेली गोष्ट माणसे बदलू शकतात. फैजी हे मोठ्याने ओरडून सांगत नाहीत, पण पानापानांत ते आहे. १९६३ च्या ‘अ मॉडर्न अप्रोच टु इस्लाम’मध्ये मात्र धर्म आणि कायदा वेगळे करून पाहा, असे त्यांनी उघडच मांडले. मधल्या काळात इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, लोकसेवा आयोगाचे सदस्य, काश्मीरमध्ये कुलगुरू अशी पदे आली. पद्मभूषण १९६२ साली मिळाले. पण कैरोत त्यांनी काझी नुमान यांच्या ‘दआइम अल्-इस्लाम’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली, तिचे मोल मला या सर्व पदांहून अधिक वाटते.

आता कपाटातल्या दुसऱ्या पुस्तकाकडे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. बायकोमुलांना टाकणाऱ्या धडधाकट माणसाला दंडाधिकाऱ्यांनी दरमहा पोटगी द्यायला लावावी, एवढाच त्याचा हेतू. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. बाई उपाशी राहून भीक मागू नये, गुन्ह्याच्या वाटेला जाऊ नये, म्हणून दिवाणी स्वरूपाची ही तरतूद फौजदारी पुस्तकात बसवलेली. पण तिला एक भोक होते. तलाक दिला की ती ‘पत्नी’ राहत नसे. मग नवऱ्याच्या वकिलाचे काम सोपे. अर्ज निकालाला आला की पोस्टाने तलाकनामा पाठवायचा आणि इद्दतीचे तीन महिने मोजायचे!

१९७३ च्या नव्या संहितेने हे भोक बुजवले. कलम १२५ मध्ये, पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटिताही ‘पत्नी’ ठरली. त्यानंतर इंदूरच्या शाहबानो यांनी १९७८ साली अर्ज केला. अर्ज पडून असतानाच वकील असलेल्या नवऱ्याने तलाक दिला. दंडाधिकाऱ्यांनी महिना २५ रुपये ठरवले आणि उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैशांवर नेले. या रकमेसाठी नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ च्या निकालानंतर काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. त्या राजकारणात मी इथे शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते निकालातल्या एका तपशिलाविषयी. नवऱ्याच्या बाजूने आधार दाखवले होते ते पाठ्यपुस्तकांचे. त्यात अग्रस्थानी सर दिनशा मुल्ला यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ महोमेडन लॉ’. मुल्ला पारशी, सॉलिसिटर आणि त्याच मुंबईच्या सरकारी विधी विद्यालयाचे प्राध्यापक. पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलेले. विद्यार्थ्यांसाठी आखीवरेखीव, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत त्यांनी पुस्तक लिहिले आणि ते इतके सोयीचे ठरले की खालच्या कोर्टापासून वरपर्यंत कायदा म्हणूनच वाचले जाऊ लागले. तलाकनंतर पोटगी इद्दतीपुरती, हेही त्यातच एका परिच्छेदात होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी ते परिच्छेद उद्धृत केले आणि म्हटले, ज्या बाईला स्वतःचे पोट भरता येत नाही तिचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. चंद्रचूड मूळचे खेड तालुक्यातल्या कनेरसरचे, पुण्यात शिकलेले. आणि १९४९ ते १९५२ या काळात तेही मुंबईच्या त्याच विधी महाविद्यालयात अर्धवेळ शिकवत होते. म्हणजे एका मास्तरांच्या पुस्तकाला त्याच शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांनी उत्तर दिले. फैजी तोवर राहिले नव्हते. १९८१ साली ते गेले.

१९८६ साली संसदेने वेगळा कायदा केला तेव्हा वाटले, इद्दतीच्या भिंतीआड पोटगी पुन्हा बंद झाली. ती भिंत फोडण्यात मुंबई उच्च न्यायालयाचा वाटा मोठा, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. २००० साली पूर्णपीठाने सांगितले की ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ इद्दतीच्या काळात करायची आहे, ती तेवढ्याच काळापुरती मात्र नव्हे. वर्षभराने, दानियाल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणाले. २००२ साली औरंगाबादच्या पूर्णपीठापुढे दगडू छोटू पठाण विरुद्ध रहिमबी हा खटला आला. (दगडू पठाण हे नाव ऐकूनच कळावे की माणूस इथल्याच मातीतला!) पीठ म्हणाले, कैफियतीत ‘मी तलाक दिला आहे’ असे लिहिल्याने तलाक होत नाही. कारण दाखवा, समेटाचा प्रयत्न झाल्याचे दाखवा, पुरावा द्या. पोस्टाच्या तलाकनाम्यावर चालणारी कितीतरी वकिली या एका निकालाने बसली.

याच उच्च न्यायालयात १९०५ साली न्यायमूर्ती बॅचलर यांनी एका दमात दिलेल्या तलाकविषयी म्हटले होते की तो धर्मशास्त्रात वाईट असला तरी कायद्यात चालतो. या वाक्याने शंभर वर्षांवर राज्य केले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला, तेव्हा बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी हेच वाक्य हाताशी घेऊन उलटे केले: कुराणात जे वाईट, ते कायद्यातही वाईटच.

कपाट लावून झाले आहे. रतनलाल-धीरजलाल यांची जुनी आवृत्ती वरच्या फळीवर गेली, कारण १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम १२५ चे कलम १४४ झाले. त्याच जुलैच्या १० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की मुस्लिम घटस्फोटितेला १९८६ च्या कायद्याशिवाय या संहितेचाही रस्ता मोकळा आहे. क्रमांक बदलला आहे, तरी व्हरांड्यात अजून ‘एकशे पंचवीस’ हाच शब्द चालतो. परवा एका मुलीने अर्जाची टाइप केलेली प्रत वाचून मला विचारले, ‘‘वकीलसाहेब, यात एकशे पंचवीस कुठं दिसत नाही. आमच्या आईला तर तेच मिळालं होतं.’’

फैजी मात्र खालच्या फळीवर, हाताला येतील असे ठेवले आहेत.