दहा वर्षांचा छळ आणि कायद्याचा एक क्षण

नवऱ्याला जाळून मारणारी बाई खुनी नाही तर कोण? आमचेच काही वाचक हा प्रश्न विचारतील. माणूस मारणे आम्हालाही मान्य नाही. परंतु खून आणि सदोष मनुष्यवध यांत कायदाच फरक करतो. हा फरक करताना तो कोणाच्या रागाचे माप लावतो, एवढेच आम्ही विचारतो आहोत.

पंजाबात वाढलेल्या किरणजित अहलुवालिया यांचे १९७९ साली लग्न झाले आणि त्या इंग्लंडात नांदू लागल्या. पुढची दहा वर्षे त्यांनी मार खाल्ला. कोर्टाचे मनाई हुकूम आणले, तरी मार थांबला नाही. मे १९८९ मध्ये एका रात्री नवऱ्याने गरम इस्त्रीने चेहरा जाळण्याची धमकी दिली. तो झोपल्यावर किरणजित यांनी पेट्रोल टाकून आग लावली. काही दिवसांनी तो मेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लुईसच्या कोर्टाने त्यांना खुनासाठी जन्मठेप सुनावली. दोन लहान मुलांची आई तुरुंगात गेली.

तेथील कायदा काय म्हणत होता? राग 'अचानक' उसळला पाहिजे, माणसाचा तोल त्या क्षणी सुटला पाहिजे. हे माप कोणाचे? अंगात ताकद असणारा पुरुष जागच्या जागी वार करतो, त्याचा राग 'अचानक' ठरतो. जिला समोरासमोर हात उगारता येत नाही, ती थांबते आणि तिचे थांबणे म्हणजे थंड डोक्याचा कट ठरतो!

साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही काळ्या आणि आशियाई स्त्रियांची संघटना त्यांच्यामागे उभी राहिली. वकील गाठले, निदर्शने केली, अपील लढवले. जुलै १९९२ मध्ये अपील कोर्टाने रागाच्या व्याख्येवरचा युक्तिवाद मान्य केला नाही. मात्र त्यांच्या मानसिक अवस्थेचा पुरावा मूळ खटल्यात नीट मांडलाच गेला नव्हता, म्हणून शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये सदोष मनुष्यवधाचा कबुलीजबाब मान्य झाला, भोगलेली शिक्षा पुरेशी ठरली आणि त्या घरी परतल्या. पुढे ब्रिटनने २००९ च्या कायद्याने 'अचानक'ची अटच काढली.

आमच्याकडे काय? इंग्रजांनी लिहिलेला दंड विधान कायदा गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पण तिच्या कलम १०१ च्या अपवादात 'गंभीर आणि आकस्मिक' प्रक्षोभ तसाच बसलेला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १९८९ सालीच दीर्घकाळ साचलेल्या प्रक्षोभाचा विचार केला होता. संसदेला मात्र नवा कायदा करतानाही तो आठवला नाही.

या अपिलातून आम्ही धडा घ्यायचा तो हा की अपील अश्रूंवर जिंकले जात नाही, कागदावर जिंकले जाते. पोलीस ठाण्यातील जुनी तक्रार, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, शेजारणीची साक्ष हे सारे मूळ खटल्यातच आले पाहिजे. नंतर ते आणणे फार अवघड असते. सत्र न्यायालयाच्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे. उशीर झालाच तर कारण देऊन माफी मागता येते. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्री, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोठडीतील माणूस यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे!

बाई तुरुंगात गेली की माहेर तोंड फिरवते, सासर तर वैरीच झालेले असते. अशा वेळी वस्तीतील महिला मंडळाने, आमच्या तरुण वकिलांनी तिचे कागद हातात घ्यावेत. किरणजित यांच्यासाठी परक्या देशात मूठभर बाया उभ्या राहिल्या. आपल्या तालुक्यातील बाईसाठी आपण कधी उभे राहणार?