मुलगा बंद दाराआड शर्यत खेळतोय: सिम रेसिंग लीग म्हणजे काय, हे पालकांनी समजून घ्यावं

जूनमध्ये कॉलेजचे प्रवेश चालू होते, तेव्हा एक पालक मला भेटायला आले. पौड रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे. मुलगा माझा जुना विद्यार्थी, वय सोळा. म्हणाले, "मॅडम, पोरगं दर रविवारी रात्री दार लावून बसतं. कॉम्प्युटरला स्टेअरिंग जोडलंय. कानाला हेडफोन लावून कुणाकुणाशी बोलतं. ऑनलाइन गेम म्हणजे सट्टाच की. विकून टाकू का ते स्टेअरिंग?"

मी म्हटलं, "भाईजान, विकायच्या आधी एक रविवार त्याच्या शेजारी बसून बघा." खरं सांगायचं तर मलाही ह्यातलं फारसं माहीत नव्हतं. मग मुलाकडूनच समजून घेतलं, थोडं वाचलं. हा प्रश्न आपल्या अनेक घरांत असणार, म्हणून हा लेख.

ही साधी गेम का नाही?

सिम म्हणजे सिम्युलेशन, खऱ्या गोष्टीची हुबेहूब नक्कल. मोबाईलवरच्या गाडीच्या गेममध्ये भिंतीला धडकलं तरी गाडी पुढे पळते. सिममध्ये टायर तापतो, झिजतो. टाकी भरलेली असेल तर गाडी जड चालते. ब्रेक जरा उशिरा दाबला की वळण हातचं गेलं. 'असेटो कोर्सा', 'आयरेसिंग', 'ग्रान टुरिझ्मो' ही ह्यातली गाजलेली नावं. 2008 मध्ये सुरू झालेल्या आयरेसिंगमध्ये तर खरे ट्रॅक लेझरने मोजून उतरवले आहेत, म्हणजे रस्त्यावरचा उंचवटासुद्धा जागच्या जागी.

लीग म्हणजे गावातल्या टेनिस बॉल क्रिकेटच्या लीगसारखीच गोष्ट. ठरलेला वार, ठरलेली वेळ, काही आठवड्यांचा सीझन. आधी सराव, मग क्वालिफाइंग, म्हणजे एकट्याने वेगवान फेरी मारून आपली जागा ठरवायची, आणि मग अर्ध्या-पाऊण तासाची शर्यत. बऱ्याच लीग फॉर्म्युला वनसारखे गुण देतात: पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15. सर्व्हर सांभाळणारे, वेळापत्रक लावणारे, निकाल लिहिणारे बहुतेक हौशी लोक असतात, फुकट राबणारे.

धडकलं तर न्याय कोण करतो?

मला सगळ्यात आवडला तो हा भाग. गावच्या सामन्यात अंपायरशी भांडण मैदानातच होतं. चांगल्या लीगमध्ये शर्यत चालू असताना कुरकुर करायला मनाई असते. ज्याला धक्का बसला त्याने शर्यत संपल्यावर रिप्लेचा तुकडा जोडून तक्रार लिहायची. दुसरा आपली बाजू मांडतो. मग पंच, त्यांना स्टुअर्ड म्हणतात, व्हिडिओ बघून निर्णय देतात: पाच-दहा सेकंदांची शिक्षा, पुढच्या शर्यतीत मागची जागा, नाहीतर बंदी. सोळा वर्षांचा मुलगा आपला राग रात्रभर गिळून सकाळी मुद्देसूद चार ओळी लिहितो, हे शिक्षक म्हणून मला थोडं वाटत नाही.

आयरेसिंगमध्ये तर जिंकण्याच्या गुणांसोबत सुरक्षिततेचेही गुण असतात. ट्रॅकबाहेर गेलात, दुसऱ्याला धडकलात की ते घसरतात, आणि ते घसरले की वरच्या वर्गाचं लायसन्स मिळत नाही. नुसत्या वेगाने तिथे माणूस पुढे जात नाही.

मुळशीची अडचण

आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते, नेट अडखळतं. शर्यतीत ह्याचा अर्थ काय, ते हिशेबाने बघू. ताशी 200 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला साधारण 55 मीटर जाते. नेटला सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर झाला, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे एका गाडीच्या लांबीपेक्षा जास्त. दुसऱ्याच्या पडद्यावर आपली गाडी उड्या मारताना दिसते आणि विनाकारण अपघात होतो. म्हणून लीगवाले खराब नेट असलेल्याला बाहेर काढतात. त्यात अपमान काही नाही. वायफायऐवजी वायर जोडणं, शर्यतीच्या वेळी घरातल्यांनी मोठे व्हिडिओ न लावणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

खोटेपणा इथेही पकडला जातो

मे 2020 मध्ये लॉकडाऊन होता. फॉर्म्युला ई ह्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेचे खरे ड्रायव्हर घरून ऑनलाइन शर्यत करत होते. जर्मनीच्या डॅनियल आब्टने आपल्या जागी एका कसलेल्या सिम रेसरला बसवलं. ते उघडकीला आलं. 10,000 युरो दान देण्याची शिक्षा झाली आणि ऑडी संघाने त्याला निलंबित केलं. माफी मागूनही ती जागा परत मिळाली नाही. मुलांना हा किस्सा जरूर सांगा. 'गेमच तर आहे' म्हणून केलेली लबाडी लबाडीच असते.

पैशाचं काय?

त्या गॅरेजवाल्या भाईंची भीती अगदीच चुकीची नव्हती. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्सला मात्र त्यात वेगळी जागा आहे. मान्यताप्राप्त स्पर्धेत प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज चालत नाही. मित्रांनी चालवलेली छोटी लीग आपोआप ई-स्पोर्ट ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

शरियतच्या बाजूने सोपी खूण अशी: सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, ह्याला उलेमा जुगार मानतात. बाहेरच्या प्रायोजकाने दिलेल्या बक्षिसाचा मसला वेगळा. शंका असेल तिथे आपल्या मौलानांना पूर्ण तपशील सांगून विचारावं. बहुतेक हौशी लीगमध्ये बक्षीस नसतंच. खर्च होतो तो सामानावर. साध्या कंट्रोलरवर सुरुवात करता येते. चाक आणि पेडल घ्यायचे तर हजारोंत जातात, आणि हौसेला अंत नाही. एक सीझन मुलगा टिकला तरच पुढचा खर्च करा, तोही जुनं सामान बघून.

ताम्हिणी घाटात रिसेटचं बटण नाही

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सिममध्ये गाडी उलटली तर बटण दाबून पुन्हा सुरुवात होते. ब्रिटनचा जान मार्डनबरो 2011 मध्ये 'जीटी अकॅडमी' जिंकून गेममधून खऱ्या रेसिंगमध्ये आला. ही स्पर्धा 2014 मध्ये भारतातही झाली होती, आणि मार्डनबरोवर 2023 मध्ये सिनेमा आला. पण मार्च 2015 मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला त्याची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मरण पावला. इतका तयार ड्रायव्हर, बंद ट्रॅक, तरीही.

आपली मुलं तर पावसात दुचाकी घेऊन ताम्हिणीला निघतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याने पालकाला किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणून घरात एकच करार करा: वेग फक्त पडद्यावर. रस्त्यावर किल्लीला हात लावला तर स्टेअरिंग कपाटात.

बाकीच्या अटीही आधीच ठरवता येतात, कारण लीगचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. इशाची नमाज झाल्यावर शर्यत. रमजानमध्ये तरावीह असते, तेव्हा सुट्टी. परीक्षेच्या महिन्यात सीझन घ्यायचा नाही. दार उघडं ठेवायचं. कुणी शिवीगाळ केली, जातीधर्मावरून बोललं, तर उलट शिवी न देता रेकॉर्डिंग स्टुअर्डकडे द्यायचं. त्यांनी दखल घेतली नाही तर ती लीग सोडायची.

ते भाई पुढच्या महिन्यात पुन्हा भेटले. एक रविवार ते शेजारी बसले होते. मुलगा अकरावा आला. शर्यतीनंतर त्याने एका अनोळखी मुलाला 'चूक माझी होती' असं लिहिलेलं त्यांनी वाचलं. "मॅडम, घरात तर कधी कबूल करत नाही," ते हसून म्हणाले. मग पोराला सांगून आले, "उतारावर ब्रेक दाबून धरतोस, पॅड तापणारच." स्टेअरिंग अजून घरातच आहे.