आधी भट्टी, मग पिझ्झा

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आपल्या मंडळींचा एक दिवस हमखास मॅनहॅटनमधल्या खरेदीत जातो. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि टाइम्स स्क्वेअर आधीच उरकलेलं असतं. मग पाळी येते सोहोची. ब्रॉडवे, प्रिन्स स्ट्रीट, स्प्रिंग स्ट्रीट, ओतीव लोखंडाचे खांब असलेल्या जुन्या इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावर कपड्यांची, बुटांची, अत्तरांची दुकानं. दोन वाजेपर्यंत पिशव्या जड होतात, पाय बोलू लागतात आणि पोटात कावळे कोकलत असतात. मग समोर दिसेल त्या ‘पिझ्झा’ पाटीखाली शिरायचं, काचेआड कधीचा पडून असलेला तुकडा घ्यायचा आणि ‘यापेक्षा आपल्या डेक्कनवरचा बरा’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं.

निकाल खोटा नसतो, दुकान चुकलेलं असतं. चुटपुट लागते ती एवढ्यासाठी, की अमेरिकेतल्या पिझ्झाच्या धंद्याने बाळसं धरलं ते याच गल्ल्यांमध्ये. सोहो, त्याला पूर्वेला लागून असलेलं नोलिटा आणि खालच्या अंगाचं लिटल इटली एवढ्या टापूत पंधरा मिनिटं पायी फिरलं तरी पिझ्झाच्या तीन वेगळ्या घराण्यांशी गाठ पडते. कुठे शिरायचं, हे ठरवायला यादी पाठ करायची गरज नाही. वर काय घातलंय, बाहेर रांग केवढी आहे, भिंतीवर कोणत्या नटाचा फोटो आहे, हे सगळं नंतर. आधी भट्टी कसली आहे ते बघावं. पिझ्झा अख्खा मिळणार की तुकड्याने, बसून खायचा की उभ्याने, कड खरपूस असणार की मऊ, यातलं बरंचसं भट्टीच ठरवते. उरलेलं ठरवतं जागेचं भाडं.

कारखाने गेले, दुकानं आली

हाऊस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचा हा भाग एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा आणि गोदामांचा होता. कारखाने गेल्यावर रिकाम्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार राहायला आले. 1973 मध्ये शहराने या लोखंडी इमारतींना वारसा म्हणून संरक्षण दिलं. कलावंतांमागून कलादालनं आली, कलादालनांमागून बडे ब्रँड आले आणि भाडी आभाळाला भिडली. शेजारच्या मलबेरी, मॉट, एलिझाबेथ या रस्त्यांवर मात्र दक्षिण इटलीतून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती होती. त्यांच्या बेकऱ्यांमध्ये पावाबरोबर पिझ्झाही भाजला जाई.

आज ती वस्ती पांगली आहे. जे टिकले ते दोन टोकांचे. एक, ज्यांना बसायला जागाच लागत नाही असे चिंचोळे गाळे. काउंटर, भट्टी, आणि गिऱ्हाईक फुटपाथवर. दुसरे, जिथे टेबल आधी राखून ठेवावं लागतं आणि पिझ्झाबरोबर पास्ता आणि वाइनचंही बिल होतं अशी उपाहारगृहं. या दोहोंच्या मधलं, बसायला चार खुर्च्या देणारं आणि रस्त्यावरच्या गर्दीवर विसंबलेलं दुकान दिसलं, तर जरा जपून.

कोळशाची भट्टी

स्प्रिंग आणि मॉट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लोम्बार्डीज आहे. बाहेरच्या भिंतीवर हातात पिझ्झा घेतलेली मोनालिसा रंगवली आहे, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नाही. जेनारो लोम्बार्डी यांनी 1905 मध्ये याच रस्त्यावर अमेरिकेतलं पहिलं पिझ्झाचं दुकान काढलं, अशी या घराची ख्याती. 2019 मध्ये पीटर रेगास या संशोधकाने जुन्या नोंदी धुंडाळून तिला धक्का दिला: दुकान त्याआधीच, 1898 च्या सुमारास, फिलिपो मिलोने नावाच्या माणसाने सुरू केलं होतं आणि लोम्बार्डी तिथे नंतर आले. श्रेय कुणाचंही असो, रस्ता हाच. इथे हात बसलेल्या अँथनी पेरो ऊर्फ टोटोनो यांनी 1924 मध्ये कोनी आयलंडला स्वतःचं दुकान थाटलं, ते पुढे तितकंच नावाजलं.

मूळ दुकान 1984 मध्ये बंद पडलं. दहा वर्षांनी लोम्बार्डींच्या नातवाने भागीदाराच्या साथीने ते थोड्या अंतरावर पुन्हा उघडलं. नव्या जागेत एका जुन्या बेकरीची कोळशाची भट्टी आयती होती. पिझ्झावाल्याला याहून मोठा हुंडा कोण देणार?

इथे जळतो तो अँथ्रासाइट जातीचा कडक कोळसा. धूर कमी, आच कोरडी आणि जबर. विटांची जाड घुमटी एकदा तापली की आतलं तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या घरात जातं. कारागीर लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा आत सरकवतो, मिनिटाभराने फिरवतो, पुन्हा फिरवतो, कारण कोळशाच्या बाजूला आच जास्त असते. काही मिनिटांत बाहेर. तुकडा उचलून खालची बाजू बघा. आरावर टाकलेल्या भाकरीला पडतात तसे काळे-तपकिरी डाग तिथे दिसले पाहिजेत. कड बाहेरून करकरीत, आत चिवट-मऊ. वर टोमॅटो, ताज्या मोझरेलाच्या पांढऱ्या चकत्या आणि तुळशीच्या कुळातल्या बेझिलची पानं. चीज सगळीकडे पसरलेलं नसतं. मधूनमधून लाल रस उघडा दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा.

कोळशाच्या भट्टीची बहुतेक जुनी घराणी पिझ्झा तुकड्याने विकत नाहीत, याला अनेकजण अकड समजतात. कारण वेगळं आहे. पातळ कणीक आणि ओलसर ताजं चीज यांची जोडी भट्टीतून निघाल्यावर थोडाच वेळ जमते. मग तळ ओला पडतो, आणि पुन्हा तापवलं तर कड दगड होते. म्हणून अख्खा मागवायचा आणि गप्पा नंतर मारायच्या. दोघांना लहान पुरतो.

हवा स्वच्छ राखण्याच्या नियमांमुळे शहरात नवी कोळशाची भट्टी उभारणं आता सोपं राहिलेलं नाही. 2024 पासून जुन्या भट्ट्यांनाही, जिथे शक्य असेल तिथे, धुरातले सूक्ष्म कण 75 टक्क्यांनी कमी करणारी यंत्रणा बसवण्याचा नियम लागू झाला आहे. त्याविषयी पिझ्झावाल्यांनी बरीच आदळआपट केली. यंत्रणा महाग असते, हे त्यांचं म्हणणं खरं. आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही फुप्फुसं असतात, हेही खरं.

गॅसची भट्टी आणि हातातला तुकडा

दुसऱ्या महायुद्धानंतर आयरा नेविन यांनी पिझ्झासाठी गॅसची कप्प्याकप्प्यांची भट्टी बाजारात आणली आणि धंद्याचं गणित बदललं. बटण फिरवून आच राखता येऊ लागली. तापमान तीनशे अंशांच्या आसपास, भाजायला वेळ जास्त, म्हणून चीजही कमी पाण्याचं. ते वितळून एकसंध पसरतं आणि दुसऱ्यांदा तापवलं तरी तग धरतं. त्यातून न्यूयॉर्कचा तो प्रसिद्ध त्रिकोणी तुकडा जन्माला आला. अख्खा पिझ्झा जरा आधीच बाहेर काढायचा, काचेआड ठेवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की एक तुकडा पुन्हा भट्टीत सारायचा.

म्हणजे इथे सगळा खेळ उलाढालीचा. काउंटरसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. साध्या चीजचा पिझ्झा दर थोड्या वेळाने नवा बाहेर येतोय का? की काचेआड पंधरा प्रकार मांडलेत, वर अननस, मॅकरोनी, काय काय, आणि प्रत्येकातला एखादाच तुकडा गेलाय? पहिल्या दुकानात थांबा. दुसऱ्यासमोरून हसतमुखाने पुढे व्हा. तुकडा तापवताना तो भट्टीच्या फरशीवर ठेवला तर तळ पुन्हा करकरीत होतो. कागदाच्या ताटलीसकट मायक्रोवेव्हमध्ये गेला तर पैसे देण्याआधीच निरोप घ्यावा.

पाटीवर विसंबू नये, याचा धडा प्रिन्स स्ट्रीटवरच मिळतो. 27 क्रमांकाच्या जागेत 1959 मध्ये राल्फ कुओमो यांनी ‘रेज’ नावाचं दुकान काढलं. ते इतकं चाललं की शहरभर ‘फेमस रेज’, ‘ओरिजिनल रेज’, ‘फेमस ओरिजिनल रेज’ असे एकमेकांशी संबंध नसलेले रेज उगवले. सगळेच अस्सल. मूळ रेज 2011 मध्ये बंद पडलं. पुढच्या वर्षी त्याच जागी प्रिन्स स्ट्रीट पिझ्झा सुरू झालं, आणि आज तिथली रांग खरेदीच्या दुकानांच्या दारापर्यंत येते.

रांग असते ती ‘स्पायसी स्प्रिंग’ या चौकोनी तुकड्यासाठी. हा सिसिलियन वळणाचा जाड पिझ्झा. तेल लावलेल्या खोलगट ट्रेमध्ये कणीक फुगू देतात, त्यामुळे तळ भाजण्याबरोबर तळलाही जातो. वर तिखट टोमॅटो आणि पेपरोनीच्या छोट्या चकत्या. आच लागली की या चकत्यांची कड आधी आक्रसते आणि प्रत्येकीची वाटी होते. वाटीत लाल तेल साठतं, कडा करपून करकरीत होतात. दिसायला झकास. पण पेपरोनीत डुकराचं मांस असतं, बहुतेकदा गोमांसही. ज्यांना ते चालत नाही त्यांनी नुसत्या चीज-टोमॅटोचा चौकोन घ्यावा. तळाची मजा तीच असते.

त्रिकोणी तुकडा मात्र घडी घालूनच खायचा. लांबीला मध्यावर दुमडला की टोक खाली लोंबत नाही. वक्र पृष्ठभागांविषयी गाऊस या जर्मन गणितज्ञाने 1827 मध्ये जे प्रमेय मांडलं, त्याचं हे खाण्याजोगं प्रात्यक्षिक: पृष्ठभाग एका दिशेने वाकवला की दुसऱ्या दिशेने वाकायला तो नकार देतो. महापौर बिल डी ब्लासिओ यांनी 2014 मध्ये पिझ्झा काट्याने खाल्ला तर शहरात केवढा गहजब झाला होता! आपल्याला पोळीचा घास हाताने तोडायची सवय, तेव्हा इथे आपण निर्धास्त.

पातळ, टेबलावरचा

मलबेरी स्ट्रीटवरचं रुबिरोसा हे तिसरं घराणं. 2010 मध्ये सुरू झालेल्या या उपाहारगृहाची पाककृती मात्र जुनी: स्टेटन आयलंडवर 1960 पासून चालत आलेल्या ‘जो अँड पॅट्स’च्या कुटुंबाची. कणीक इतकी पातळ लाटलेली की कड जवळपास नाहीच. अख्खा पिझ्झा कुरकुरीत. ‘टाय-डाय’ पिझ्झावर टोमॅटोचा साधा रस, व्होडका घातलेला मलईदार रस आणि हिरवागार पेस्टो असे तीन रंग एकमेकांत फिरवलेले असतात. टेबल आधीच राखून ठेवावं. आजी-आजोबांना निवांत बसायचं असेल, तर हीच जागा.

थोडं पलीकडे

पायात जोर शिल्लक असेल तर हाऊस्टन स्ट्रीटवरचं आर्टुरोज 1957 पासूनचं आहे: कोळशाची भट्टी आणि संध्याकाळी जॅझ. पश्चिमेला ग्रीनिच व्हिलेजमध्ये ब्लीकर स्ट्रीटवर 1929 सालचं जॉन्स आहे; तिथे तुकडा मागू नका. जवळच कार्माइन स्ट्रीटवर 1975 पासूनचं जोज आहे. साधा त्रिकोणी तुकडा कसा असावा, हे तिथे कळतं. पूर्वेला ऑर्चर्ड स्ट्रीटवर 2016 मध्ये सुरू झालेलं स्कार्स धान्य स्वतः दळतं. न्यूयॉर्कच्या अनेक पिझ्झा दुकानांत वर्षानुवर्षं पोटॅशियम ब्रोमेट घातलेलं पीठ वापरलं गेलं. भारतात त्यावर 2016 पासून बंदी आहे. स्कार्सचा भर अशा पिठाला फाटा देण्यावर.

शाकाहाऱ्यांसाठी

‘प्लेन’ म्हणजे टोमॅटो आणि चीज, ‘व्हाइट’ म्हणजे टोमॅटोशिवाय, बहुधा रिकोटा चीजचा. दोन्हींत मांस नसतं, पण लसूण असू शकतो. अँकोव्ही म्हणजे मासे, क्लॅम म्हणजे शिंपल्या. काटेकोर शाकाहाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: वर भुरभुरलेलं पेकोरिनो किंवा पार्मेझान पारंपरिक पद्धतीचं असेल, तर ते कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या विकराने विरजलेलं असतं. ‘वरून किसलेलं चीज नको’ असं मागवताना सांगता येतं. पिझ्झाच्या आतल्या चीजविषयी मात्र विचारावंच लागतं.

न्यू जर्सीहून गाडीने पेन स्टेशनला उतरलात, तर तिथून भुयारी रेल्वेची सी किंवा ई गाडी थेट स्प्रिंग स्ट्रीटला सोडते. शनिवार-रविवारची दुपार टाळावी. कामाच्या दिवशी तीन ते पाच ही वेळ उत्तम. सप्टेंबरमध्ये मलबेरी स्ट्रीटवर सॅन जेनारोची जत्रा भरते. 1926 पासूनची ही जत्रा बघण्यासारखी असते, पण त्या दिवसांत पिझ्झासाठी तिकडे फिरकू नये.

आणि एकाच जेवणापुरता वेळ असेल तर? तर तुकडा सोडा. चांगला तुकडा न्यू जर्सीतल्या गावागावांत मिळतो, लेकीच्या घराजवळही असेल. पण कोळशाची भट्टी आता सहजासहजी नव्याने बांधली जाणार नाही. ज्या आहेत, त्या आहेत. त्यांच्यातली एक खरेदीच्या रस्त्यावरच, मोनालिसाच्या भिंतीमागे धगधगते आहे. दोन पिशव्या कमी घ्या आणि तिथे जाऊन अख्खा मागवा.